आधी जाळं, मग नारळ

मैत्री रंगारी शिट्टी वाजवायची आणि लगेच ‘सॉरी हं’ म्हणायची. पंचाने माफी मागितली की बावीस जणांना तोंड फुटतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. आम्ही पुणेकर तीनदा सांगतो, मग नुसतं बघतो.

हे दोन हजार सहा सालचं. मैत्री नागपूरची, कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं तिचं काम. मी रंगनाथ, गुडघे गेल्यामुळे मैदानाबाहेर खुर्चीत बसवलेला जुना फुटबॉल पंच. नव्या पंचांची परीक्षा घेणारा. तीन सामने नीट सांभाळले की यादीत नाव लागायचं, नाहीतर पुन्हा एक वर्ष थांबा. दोन सामने तिने कसेबसे काढले होते.

‘‘बाबा रेल्वेत गार्ड होते, सर,’’ ती एकदा म्हणाली. ‘‘त्यांनी शिट्टी फुंकली की अख्खी गाडी हलायची. मी फुंकली तर कोणी वळूनसुद्धा बघत नाही. तरी ऑफिसात स्क्रीनकडे बघता बघता सगळं हिरवं दिसायला लागतं. मैदानच दिसतं.’’

मी हसलो नाही. मलाही बँकेत काउंटरमागे बसून आयुष्यभर तेच दिसलं होतं.

तिसरा सामना डिसेंबरातल्या रविवारी, सकाळी सातला, टेकडीखालच्या मैदानावर होता. धुकं इतकं की खेळाडूंचे पाय दिसत नव्हते; रंगीत शर्ट नुसते तरंगत होते. एकीकडे एका कंपनीचा संघ, दुसरीकडे कसबा पेठेतली मुलं. पेठेतल्यांचा रिवाज असा की आपण राखणार त्या गोलच्या खांबांना हळदकुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची, नारळ फोडायचा. मैत्री जाळं तपासायला निघाली आणि दहा पावलांवर थबकली. तिच्या बौद्ध घरात यातलं काही नव्हतं. दुसऱ्याच्या पूजेत मध्येच कसं शिरायचं, म्हणून ती अदबीने लांबच उभी राहिली. उदबत्तीचा धूर धुक्यात मिसळत होता. त्यांच्या गोलकीपरने, तेजसने, गोलजवळच खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सगळंच स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. चघळत चघळत मी परीक्षेच्या कागदावर ‘जाळं तपासलं का?’ पुढे ‘हो’ लिहूनही टाकलं.

मध्यंतराच्या जरा आधी कंपनीच्या चेतनने कडेवरून चेंडू हाणला. तो धुक्यात गेला आणि पुन्हा दिसला तो जाळ्याच्या आत. मैत्रीने गोल दिला.

तेजस ओरडत आला, ‘‘मॅडम, बाजूनं घुसलाय तो! जाळं फाटलंय तिथं!’’

‘‘डिसिजन दिलाय ना एकदा?’’ चेतन म्हणाला. ‘‘आता चेंज नाही करायचा. जरा कॉन्फिडन्स ठेवा!’’

सगळे तिच्याभोवती जमले. मला वाटलं, आता ‘सॉरी’ येणार. पण ती गर्दीतून वाट काढत गोलपर्यंत गेली, खाली बसली, आणि बाजूच्या जाळ्यातून तिचा हात कोपरापर्यंत बाहेर आला. मग उठून तिने शिट्टी फुंकली. टेकडीवर फिरायला आलेले पेन्शनरही थबकले असतील.

‘‘गोल नाही. गोल किक. जाळं मी तपासलं नव्हतं, चूक माझी आहे. मागे व्हा.’’

सगळे मागे झाले. चेतनसुद्धा, पुटपुटत का होईना. तिने खिशातली बुटाची जादा लेस काढून भोक बांधलं आणि खेळ सुरू करण्याआधी सरळ माझ्या खुर्चीपाशी आली. माझ्या मांडीवरचा कागद तिने पाहिला.

‘‘सर, जाळ्यापुढे ‘नाही’ करा.’’

‘‘अगं, नापास होशील. वर्ष जाईल.’’

‘‘माहीत आहे.’’

मला लाज वाटली. चूक तिची अर्धी होती, अर्धी माझ्या तोंडात होती. मी ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

उरलेल्या सामन्यात कोणी वाद घातला नाही. ती धुक्यात दिसायचीही नाही. नुसती शिट्टी ऐकू यायची आणि शर्ट हलायचे.

पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा परीक्षेला उभी राहिली. तेच मैदान, तसंच धुकं, पेठेतली तीच मुलं. उदबत्ती लागली. तेजसने नारळ उचलला, ती येताना दिसली तसा थांबला.

‘‘मॅडम, आधी तुमचं होऊ द्या.’’

तिने या खांबापासून त्या खांबापर्यंत जाळ्याची एकेक गाठ चाचपली. उदबत्ती निम्मी जळाली. तेजस नारळ धरून उभाच.

‘‘हं, फोडा,’’ ती म्हणाली, तेव्हा नारळ फुटला.

माझ्या वाटणीचं खोबरं मी हातात धरून ठेवलं. आधी ‘हो’ लिहिलं, मग खाल्लं.