खिडक्यांचं धोतर

आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं, कुलपाची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन कायम चहाला गेलेला असतो. त्यामुळे दर एप्रिलमध्ये माझी आई आणि तो यांच्यात जे महाभारत होतं, ते ऐकायला चारही मजल्यांची दारं उघडतात. "भाईसाब, पापड सुखाना है, बम नहीं बनाना," असं आई त्याला सुनावते. सत्तरी ओलांडली तरी तिचा आवाज अजून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटाच्या वरचा आहे. बिचारा किल्ली देतो. न देऊन सांगतो कोणाला!

यंदाही किल्ली मिळाली. आईनं ट्रंकेतून पापड थापायचं ते जुनं धोतर काढलं आणि गच्चीवर पसरलं. माझ्या मुलीचं लक्ष गेलं. "नानी, याला दोन चौकोनी ठिगळं का आहेत? आणि तीही हिरवी?"

"तुझ्या आईला विचार," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघून एक भुवई वर केली.

घ्या. चाळिशीच्या बाईला पोरीसमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. तर आता सांगूनच टाकते.

तेव्हा आम्ही सुरतेत, लिंबायतला राहायचो. खाली घरमालकाचे लूम, वर आमची एक खोली आणि खोलीबाहेर सपाट गच्ची. लूमचा खडखडाट दिवसभर चालायचा आणि बंद पडला की आम्हालाच चुकल्यासारखं वाटायचं. बाबा पांडेसऱ्यात साड्या छापायच्या मिलमध्ये होते. संध्याकाळी ते घरी आले की आज मिलमध्ये कुठला रंग चालला ते त्यांच्या नखांवरून कळायचं. शेजारच्या खोलीत एक गुजराती बाई राहायच्या. त्यांना अख्खी गल्ली नुसतं बेन म्हणायची.

आम्ही मूळचे खानदेशातले. खरं तर दर सुट्टीत आम्ही गावाला जायचो आणि उन्हाळा तिथेच जायचा. पण गावाला गेलं की आईला एक गोष्ट फार लागायची. तिथे सगळे म्हणायचे, सुरतवाले आले, खोलीवरून आले. निघताना आजी म्हणायची, "खोलीवर पोचनी का फोन करजो." घर म्हणजे गावातलं. सुरतेत आमची फक्त खोली. आई एकदा म्हणाली की आता तिकडेच घर आहे आमचं, तर आजीनं पान लावता लावता विचारलं, "बिबडा करतस का तठे? ज्या घरमा बिबडा नही, ते घर कसानं?"

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तिखट-मीठ-तीळ-लसूण घालून भल्या मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या सुती कापडावर हातानं थापायचा. घाटा निवला की संपलं. गावात हे सगळं मोठ्या काकूच्या हाती. आई धाकटी सून, त्यामुळे तिच्याकडे काय, तर पाणी शिंपडणं आणि पोरं हाकलणं. तिनं आजीचं ते बोलणं मनाला लावून घेतलं. निघताना तिनं आजीकडे बिबड्यांचं कापड मागितलं. आजी क्षणभर थांबली आणि आजोबांचं एक धोतर तिच्या हातात ठेवलं. आजोबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "जपीसन वापर," एवढंच म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात आईनं जाहीर केलं की सुट्टी लागली तरी लगेच गावाला जायचं नाही. आधी बिबडे करायचे, मग डबा घेऊनच जायचं. मी नऊ वर्षांची होते आणि मला हे फार आवडलं, कारण सुरतेचा उन्हाळा मला पहिल्यांदाच मिळणार होता. गल्लीत गलेलीवाला यायचा. ताडगोळ्यांना सुरतेत गलेली म्हणतात. ते सोलताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत यायचं आणि तेही चाटायचं. कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून गच्चीच्या कठड्यावर ठेवायच्या, त्या सुकायच्या आत संपायच्या. प्लास्टिकच्या नळीतलं लाल सरबत चोखून चोखून पांढरं करायचं. आणि सगळ्यात वरचं सुख म्हणजे तंबू.

गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या मागे, खोलीतून दिसणार नाही अशी, कठड्यापर्यंत दोरी. त्या दोरीवर काहीतरी टाकलं की झालं घर. चादर टाकून पाहिली, आत अंधार. टॉवेल तोकडा. मग ट्रंकेत ते धोतर दिसलं. पांढरंशुभ्र, लांबलचक, आणि आत असा काही थंडगार उजेड पडायचा की काय सांगू! फक्त एकच उणीव होती. खिडकीशिवाय घर कसलं? मी बाबांची कात्री घेतली आणि दोन खिडक्या पाडल्या. चांगल्या मापून, पट्टी लावून. शाळेत माझी भूमिती बरी होती.

कापून झाल्यावर मात्र आजीचं "जपीसन वापर" आठवलं. पण झालं ते झालं. धोतर काही बोलणार नव्हतं.

इकडे खोलीत ज्वारी भिजत होती. तिसऱ्या दिवशी तिचा आंबूस वास असा सुटला की बेन दारात येऊन नाक दाबून म्हणाल्या, "अरे, कोई मरी गयुं के शुं?" आईनं त्यांना पाट दिला आणि थापायला बसवलं. सकाळी सातलाच पातेलं स्टोव्हवरून उतरलं. घाटा रटरटत होता. मी वाटीत गरम घाटा आणि त्यावर कच्चं तेल घेऊन ओरपत बसले होते. ज्यानं ते खाल्लं नाही त्यानं उन्हाळा बघितलाच नाही असं माझं आजही स्पष्ट मत आहे. तेवढ्यात आईनं हाक मारली, "धोतर आण वं पोरी, लवकर!"

धोतर तर टाकीमागे तंबू होऊन लटकत होतं. मी टाकीकडे जाणार तरी कशी! खोलीत शिरले, ट्रंक उघडल्याचा आवाज केला आणि ओरडले, "सापडत नाही!"

"असं कसं सापडत नाही? घाटा निवतोय! काहीही आण!"

कपाटाच्या वर एक कापड होतं. बाबांनी पडद्यासाठी मिलमधून आणलेला साडीचा तुकडा, जांभळ्या फुलांचा आणि मोरांचा. मी तो आणला. आईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. भिजवला, पिळला, पसरला आणि दोघी भराभर थापायला लागल्या.

मला कावळे हाकलायला काठी देऊन बसवलं. राखणदारानं थोडं चाखायचं असतं, हा जगाचा नियम आहे. अर्धे ओले बिबडे कडेनं सोलून खाण्यात जी मजा आहे ती तळलेल्यातही नाही. दुपारपर्यंत मी चार फस्त केले असतील. बेन पाणी घ्यायला आल्या, माझ्याकडे बघितलं आणि किंचाळल्या. माझे ओठ जांभळे झाले होते. जीभ दाखवली तर तीही जांभळी.

आई धावत आली. आधी मला गदागदा हलवलं, मग चुळा भरायला लावल्या, मग वाकून एक बिबडा सोलला. त्याच्यामागे एक मोर होता. पुढच्यावर दोन फुलं. त्याच्या पुढच्यावर मोराचं नुसतं शेपूट. गच्चीभर बिबडे आणि प्रत्येकावर छापा.

"हाय हाय," बेन म्हणाल्या, "आ तो डिझाइनवाळा पापड!" आणि त्यांना हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. ती तिथेच तापलेल्या गच्चीवर मटकन बसली.

बाबा पाळीवरून आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, हा कच्चा तुकडा आहे. याचा रंग अजून वाफेवर पक्का केलेलाच नाही. धुवून वापरायचा होता. टाकून द्या सगळे, कोणी तोंडात घालू नका." मी मागच्या मागे सटकत होते. आईनं शांतपणे विचारलं, "धोतर कुठंय?"

मग ती टाकीपाशी गेली. तंबू बघितला. वाकून आत शिरली आणि बाहेरच आली नाही. माझ्या भातुकलीशेजारी बसून ती एका खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, आवडलं वाटतं. म्हटलं, "चांगलं घर आहे ना?"

"घर?" आई म्हणाली, आणि मग असे दोन धपाटे बसले की खालच्या लूमवाल्यानंही वर बघितलं असेल.

त्या दिवशी ती जेवली नाही. मी विचारलं, इतकं काय झालं, नुसते पापड तर होते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला नाही कळायचं." मला तेव्हा खरंच रडू आलं, धपाट्यांनी आलं नव्हतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी उठून तिनं उरलेली ज्वारी भिजत घातली. जेमतेम निम्मी होती. तीन दिवसांनी तेच धोतर पसरलं, खिडक्यांसकट, आणि बेनना सांगितलं, "भोकं सोडून थापा." या खेपेला मी एकही खाल्ला नाही. कावळे तर सोडाच, माशीलाही फिरकू दिलं नाही. छापील बिबड्यांपैकी एक बेननी मागून नेला आणि खिळ्याला टांगला. शो माटे, शोभेसाठी, म्हणाल्या.

डबा भरून आई आणि मी गावाला गेलो. बाबांना सुट्टी नव्हती. ओट्यावर आजी, मोठी काकू, आजूबाजूच्या दोन-चार बाया. आईनं डबा आजीपुढे ठेवला आणि धोतर घडी करून बाजूला. काकूनं डब्याला हात न लावता आधी धोतरच उलगडलं. दोन खिडक्यांतून पलीकडची भिंत दिसली.

"माय वं! हाई काय?"

"उंदरांनी कुरतडलं," आई खाली बघून म्हणाली. मी चकित झाले. आई कधी खोटं बोलत नसे.

आजीनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "सुरतना उंदीर भलता शिकेल शेतस. चौकोन पाडीसन कुरतडतस."

बाया खदाखदा हसल्या. काकू म्हणाली, खोलीत राहून असंच व्हायचं. आईची मान आणखी खाली गेली आणि मला ते सहन होईना. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, "मी कापलं. तंबूला खिडक्या केल्या. आईनं मला मारलंय आधीच, आता तुम्ही मारू नका. आणि बिबडे याच्यावरच केलेत, भोकं सोडून."

काकूनं धोतर खाली ठेवलं. आजी माझ्याकडे बघत राहिली. "भोकं सोडीसन?" तिनं आईला विचारलं. आईनं मान हलवली.

आजीनं डबा उघडला. एक बिबडा उजेडाकडे धरला, मोडला, त्याचा आवाज ऐकला. मग चुलीतल्या निखाऱ्यावर स्वतः भाजला आणि सावकाश खाल्ला. तिला दातच कमी होते, त्यामुळे फार वेळ लागला. आई ओट्याच्या कडेला उभी होती आणि तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"मीठ बराबर शे," आजी म्हणाली.

एवढंच. पण काकूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुपारी आजीनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचे दोन तुकडे काढले आणि माझ्या खिडक्या बुजवल्या. बुजवताना मला म्हणाली की खिडक्या केल्या ते ठीक, पण आजोबांना विचारून करायच्या होत्या. मी म्हटलं, ते कसं? ती म्हणाली, मला विचारायचं.

निघताना तिनं घाटा ढवळायचा घरातला लाकडी दांडा आईच्या हातात दिला. एसटी आली, आम्ही चढलो. खिडकीशी येऊन ती नेहमीसारखीच ओरडली, "घर पोचनी का फोन करजो!"

मला काही कळलं नाही. आईनं मात्र पदर डोळ्यांना लावला. गाडी गावाबाहेर गेली तरी दांडा उराशी धरून ती रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दांडा टोचतोय."

लिंबायतला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. आई वर गेलीच नाही. खांद्यावर दांडा, हातात पिशवी, तशीच नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. गावातल्या दुकानदाराला फोन लावला, तोच आजीला निरोप द्यायचा. लूमच्या आवाजात ती ओरडून बोलत होती. "सांगजो, पोचन्यात म्हनीसन." पलीकडून त्यानं निरोप परत म्हणून दाखवला असावा, कारण आईनं पाय आपटला.

"नही नही, खोलीवर नको सांगू," ती म्हणाली. "घर सांग. घर पोचन्यात."