टाकीच्या चौकोनातली जादा ओळ

नळयोजनेच्या इंजिनिअर साहेबांनी मला फसवलं. माझी फाइल परस्पर बदलली आणि ती बिघडल्यावर भर ग्रामसभेत माझं नाव पुढे केलं.

पाटोद्यात माझं झेरॉक्स आणि ड्रॉइंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासात नाही, बिघडवून बिघडवून शिकलो. शिरूरकडच्या एका गावाचा योजनेचा नकाशा मी प्रेझेंटेशनमध्ये काढून दिला होता. एका चौकोनात टाकी, दुसऱ्यात वस्ती, मध्ये पाइपलाइनची निळी रेघ. ती गाडीवाटेवरून सरळ जात होती. ठराव त्याच दिवशी व्हायला हवा होता. आठवड्यात निम्मं गाव ऊसतोडीला निघणार, मग ठरावाला माणसंच नसणार आणि पाणी वर्षभर लांबणार.

प्रोजेक्टरही माझाच, म्हणून मी तिथेच होतो. स्लाइड आली आणि बघतो तर रेघेला मधेच पायरी. टाकीकडची अर्धी रेघ गाडीवाट सोडून खाली, भानुदासआण्णांच्या वावरात.

आण्णा उठले. "माझ्या वावरातून पाइप? मला इचारलं का कुणी?"

साहेब शांतपणे म्हणाले, "चूक नकाशावाल्याची आहे. हे पाटोद्याचे, यांनीच काढलाय."

"कावून ओ, शेठ?" आण्णा माझ्याकडे वळले. "माझं वावर काय रिकामं दिसलं तुमाला?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, लॅपटॉप इकडं द्या."

"सभा चालू आहे."

"सभा माझ्याच नावानं चालू हाय. द्या."

लॅपटॉप घेतला. अशा रेघेला कनेक्टर म्हणतात. तिची दोन टोकं चौकोनांच्या कडेला मधोमध चिकटलेली असतात. दोन्ही मध्य एका पातळीत असले की रेघ सरळ. एक चौकोन जरा सरकला की ती पायरी घेते. मी रेघेला हात लावला नाही, आधी चौकोन बघितले. टाकीच्या चौकोनात मी 'टाकी' एवढंच लिहिलं होतं. आता खाली तालुक्याच्या नेत्यांच्या नावाची एक लांब ओळ होती, 'माननीय अमुक साहेबांच्या प्रयत्नातून'. ती मावावी म्हणून चौकोन आपोआप खाली वाढला. त्याचा मध्य उतरला, रेघही उतरली.

"ही ओळ कुणी टाकली?" मी विचारलं.

इंजिनिअर साहेबांनी न वाजलेला फोन कानाला लावला.

नेत्यांचं नाव पुसलं असतं तर सभेत वेगळंच पेटलं असतं. ती ओळ मी कट केली आणि स्लाइडच्या डोक्यावर वेगळ्या चौकोनात मोठ्या अक्षरांत टाकली. टाकीचा चौकोन आकसला. रेघ सगळ्यांदेखत गाडीवाटेवर परत आली.

सरपंच खूश. आण्णा पडद्याजवळ जाऊन बोटाने रेघ तपासून आले.

"आता जमलं. फकस्त एवढं सांगा शेठ, खोदतानी पुन्हा कुणाचं नाव घुसणार न्हाई ना?"

सभा हसली. ठराव झाला.

तेव्हापासून फाइल दिली की तिची पीडीएफ मी स्वतःकडे ठेवतो. माणसाच्या शब्दापेक्षा ती बरी, मागून बदलत नाही.

पण शेजारच्या दोन गावांनी माझ्याकडचं काम काढून घेतलं. 'पाटोद्याचा माणूस दुसऱ्याच्या वावरातून पाइप काढतो' एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं. रेघ सरळ झाल्याचं कुणी सांगितलं नाही. साहेबांनी माझं नाव सभेत घेतलं, तर आता त्या दोन्ही गावांच्या सभेत उभं राहून सांगावं, ती ओळ कुणी टाकली आणि विचारल्यावर फोन कुणाचा आला होता.