खुणेचं तिकीट

अभ्यासिकेच्या दारात चपला साठतात, तसे किस्से साठतात. चपला पोरं संध्याकाळी घालून जातात. किस्से माझ्यापाशीच राहतात! मी लातूरच्या या अभ्यासिकेत पाणी भरतो, झाडलोट करतो. शाळेत गेलो नाही. अक्षरं जोडायला इथल्याच पोरांनी शिकवलं. त्यातला एक व्यंकट, देवणीकडचा.

सगळी पोरं तलाठ्याच्या परीक्षेची गाईडं घोकायची. व्यंकटही घोकायचा, पण दुपारी जेवण झालं की इतिहासाचं एक जाड पुस्तक काढायचा. अरबांचं. शेजारच्यानं विचारलं, "हे किती मार्काला हाय?"

"मार्काला न्हाई."

"मग वाचायलास कशाला? तब्येत बरी हाय न्हवं?"

एकदा त्याचे वडील, अण्णा, ज्वारीचं पोतं घेऊन आले. पुस्तक पाहून म्हणाले, "दुबईला जायलास का?"

"न्हाई अण्णा. हे लोक लई देशांत इखुरलेले. बोली एक, म्हणून त्यांच्यातले काही म्हणायले, आपण समदे एकच राष्ट्र. पण ज्याला त्याला आपलीच गादी प्यारी."

अण्णा मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजी आपली भावकीच की रे! एक आडनाव, अन् बांधावरून डोकी फुटतेत. त्यासाठी पुस्तक कशाला? गावाकडं ये!"

मग अर्धापूरहून पाहुणे मुलगा बघायला आले, थेट अभ्यासिकेत. सोबत केळ्यांचा घड. मला विचारलं, "पोरगा काय करून राहिला?" मी कौतुकानं म्हणालो, "अरबांचं लई वाचून राहिला." पाहुणे खूश! त्यांना वाटलं, पोरगा आखाती देशात निघाला. व्यंकटनं खरं सांगून टाकलं, "मला हे कॉलेजात शिकवायचंय."

"जागा निघतात का?"

"निघाल्या तर."

पाहुणे चहा पिऊन उठले, ते परत आलेच नाहीत. पोरं मात्र केळी खात म्हणाली, "व्यंकट, असंच अजून एक स्थळ येऊ दे!" तोही हसला. केळं नाही घेतलं.

नांदेडच्या एका कॉलेजात हाच विषय शिकवणारे सर होते. व्यंकट मोठ्या आशेनं त्यांना भेटायला गेला. सर दोन तास बोलले. म्हणाले, "इतकं मनापासून वाचणारा पोरगा मला भेटला नव्हता." व्यंकटनं विचारलं, "सर, याच्यातच पुढं जाऊ का?" सर स्वतः अजून तासिकेवरच होते, जेवढे तास तेवढेच पैसे. फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "तुझ्याकडं तलाठ्याची जुनी गाईडं असतील तर देतोस का? माझं वय बसतंय अजून."

व्यंकट तलाठी झाला. गुलाल, पेढे, हलगी! आमच्याकडं रीत आहे, निवड झालेल्यानं आपली पुस्तकं मागच्यांना वाटून जायचं. गाईडांवर झुंबड उडाली. एक संच त्यानं नांदेडच्या सरांसाठी काढून ठेवला. टेबलावर अरबांचं तेवढं उरलं. मी म्हणालो, "हे तू न्हे की बाबा."

"तुमच्यापाशी राहू द्या मामा. येतो की मी."

मी ते माठामागच्या फळीवर ठेवलं. आत खुणेला देवणीच्या एसटीचं तिकीट होतं, तसंच राहू दिलं. रोज धूळ झटकायची.

यंदा दिवाळीनंतर आला. थोडा सुटलाय. मी विचारलं, "काम काय असतं रे?"

"भावकीच्या बांधाची भांडणं, मामा!"

मी पुस्तक आणून दिलं. त्यानं तिकिटापाशी उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागला. मी म्हणालो, "बस की, खुर्ची रिकामी हाय." बसला नाही. तेवढ्यात मोबाईल वाजला. "हाव साहेब, निघालोच," म्हणाला.

पान काही उलटलं नव्हतं. त्यानं तिकीट होतं तिथंच ठेवलं, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"धूळ तेवढी झटकत राहा, मामा."