नापास ठरवलेला पाठ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्यासोबत उभी नोकरी स्टाफरूममध्ये बसून काढली त्यांनाही नाही. सांगायची वेळच आली नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते खरं नाही. वेळ बऱ्याचदा आली. माझ्या निरोपसमारंभात एक जण म्हणाला, ‘सर नेहमी विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले.’ मी खाली बघत गळ्यातला हार नीट करत बसलो. लोकांना तो विनय वाटला. आता ऐंशी ओलांडली आहे आणि ज्याला हे सांगायला हवं होतं तो राहिलेला नाही. तरी लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचे. वाशीम भागातल्या एका गावी नवीनच बी.एड. कॉलेज निघालं होतं आणि मी तिथे विज्ञानाची अध्यापनपद्धती शिकवत होतो. टिनपत्र्यांच्या तीन खोल्या, मागे ज्वारीचं शेत. विद्यापीठ दूर होतं, पण त्याचा धाक मोठा. त्यांची समिती दरवर्षी येई, तपासणी करी, आणि पुढच्या वर्षापुरती मान्यता देऊन जाई. कायमची मान्यता अजून मिळायची होती. प्राचार्य रोज सकाळी त्याच काळजीने उठत आणि आम्हालाही उठवत.

बी.एड. करणाऱ्याला आमच्याकडे छात्राध्यापक म्हणत. शिकणाराही तोच आणि शिकवणाराही तोच. त्याने आजूबाजूच्या शाळांत जाऊन सराव पाठ घ्यायचे आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेचा पाठ द्यायचा. मागच्या बाकावर दोन परीक्षक बसत. एक बाहेरचा, विद्यापीठाने पाठवलेला, आणि एक आमच्यातला. लेखी पेपरात कितीही गुण पडोत, या पाठात वेगळं पास व्हावं लागे. आणि पाठ घ्यायला वर्ग लागतात. वर्ग देणाऱ्या शाळा आम्हाला मोजून दोन मिळाल्या होत्या. त्यातली एखादी गेली असती तर कॉलेज बंदच पडलं असतं.

त्या वर्षी माझ्याकडे केनवडच्या बाजूचा एक छात्राध्यापक होता. घरचं बौद्ध कुटुंब, बाप एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याच्या गावात बी.एस्सी. झालेला तोच पहिला. दोन वर्षं त्याने एका हायस्कुलात अप्रशिक्षित शिक्षक म्हणून काम केलं होतं. संस्थेने त्याला सांगितलं होतं, एका वर्षात बी.एड. होऊन ये, जागा ठेवतो; नाही झालास तर दुसरा माणूस घेऊ. वर्षभर तो त्या एका वाक्यावर जगत होता. अंगाने सडपातळ, बोलायला मिस्कील. मी फार तत्त्वज्ञान सांगायला लागलो की म्हणायचा, “सर, हे पेपरात लिहाचं हाय का वर्गात कराचं हाय?” सगळे हसत. मीही हसे.

परीक्षेच्या पाठासाठी त्याला आठवीचा वर्ग मिळाला आणि घटक आला ‘द्रावण’. साखर पाण्यात ढवळली की दिसेनाशी होते. मग ती गेली कुठे? पाण्यातच आहे हे मुलांना कसं पटवायचं? मी म्हटलं, सोपं आहे. मुलांना पुढे बोलाव, एकेक चमचा पाणी चाखायला दे. ज्याने चाखलं तो आपणच सांगेल. त्या काळी ‘अनुभवातून शिक्षण’ हा शब्द नवा होता आणि मी त्याच्या प्रेमात होतो. असा पाठ बाहेरच्या परीक्षकाने पाहिला तर तो विद्यापीठात जाऊन आमच्या कॉलेजबद्दल चांगलं बोलेल, हेही डोक्यात होतं.

दोन दिवसांनी तो पाठाचं टाचण घेऊन आला. साखर खोडून मीठ केलं होतं.

“सर, मीठ घेतो. वाटी स्पिरिटच्या दिव्यावर ठेवतो, पाणी आटलं की मीठ खाली उरते. चाखाचं राहू द्या.”

“तेवढ्यात तास संपेल. चाखण्यात काय अडचण आहे?”

“पोरं येणार नाहीत, सर.”

“साखरेच्या पाण्याला पोरं येणार नाहीत? अरे, रांग लावतील.”

 तो हळू म्हणाला, “तुमाले खरंच माहीत नाही का, सर?”

मला माहीत होतं. पाठ ज्या गावात होता ते माझ्या गावापेक्षा काही वेगळं नव्हतं, आणि आमच्याच घरी गोठ्याच्या वळचणीला बाहेरच्या माणसांसाठी एक वेगळी कपबशी अडकवलेली असे. तरी मी त्याला उपदेश केला. “आता ते दिवस गेले. तू शिक्षक होणार आणि तूच असा विचार करत बसलास तर समाज बदलायचा कसा?” हे वाक्य मी खुर्चीत मागे रेलून बोललो होतो. माझं त्यात काहीच जाणार नव्हतं. त्याने टाचण उचललं, मीठ खोडून परत साखर लिहिली.

पाठाच्या दिवशी सकाळपासूनच ऊन तापलं होतं. विद्यापीठाचे परीक्षक आदल्या संध्याकाळीच येऊन थांबले होते. पांढरंशुभ्र धोतर, बारीक आवाज, खिशात दोन पेनं. स्वभावाने भला माणूस. मुलांच्या पाठीवर हात फिरवत ते मागच्या बाकावर जाऊन बसले आणि आतला परीक्षक म्हणून मी त्यांच्या शेजारी.

त्याने सुरुवात फार छान केली. एका भांड्यात वाळू टाकून ढवळली, एकात साखर. बायका पापडखार पाण्यात घालून त्यातला कचरा कसा काढतात ते विचारलं. मुलं बोलायला लागली. एकाला म्हणाला, “तुह्या मायले विचारून आलास का रे, इतकं बरोबर सांगून राह्यला!” वर्ग हसला. बाहेरचे परीक्षक माझ्याकडे वळून मान हलवत होते. ‘चांगला आहे’ अशी ती मान होती. ती मला अजून दिसते.

मग त्याने काचेचं भांडं उचललं.

“साखर कुठं गेली?”

“विरघळली, सर!”

“पण ती आत आहे कशावरून? कोण चाखून सांगते?”

हात वर नाहीत. त्याने पहिल्या बाकावरच्या मुलाला नावाने बोलावलं. तो उठला, पण बाकाबाहेर आला नाही.

“मले उपास हाय, सर.”

कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्याला बोलावलं.

“माहा दात दुखून राह्यला.”

मुलींमधल्या एकीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. भांडं त्याच्या हातातच होतं. चमचा काचेवर हलकेच वाजत होता.  तेवढ्यात मागून एक आवाज आला, “त्याले बोलवा ना, सर. तो पिते.” सगळी पोरं वळून भिंतीकडे पाहायला लागली. तिथे एक मुलगा एकटाच बसला होता. वर्गात बौद्धवाड्यातला तो एकच. तो अर्धवट उठला, जायचं की नाही ते न कळून तसाच वाकून उभा राहिला.

छात्राध्यापकाने हाताने खूण करून त्याला खाली बसवलं. मग चमचाभर पाणी स्वतःच तोंडात घेतलं, गिळलं, आणि म्हणाला, “गोड आहे. म्हणजे साखर आतच आहे.” फळ्याकडे वळून त्याने तसं लिहिलं. अक्षर वळणदार होतं. पुढे त्याने विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. तास संपेपर्यंत तो एकटाच बोलत होता.

पाठ झाल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. बाहेरच्या परीक्षकांना खरोखर कोडं पडलं होतं.

“अहो, सुरुवात किती छान होती! मग मुलं अशी एकदम गप्प का झाली? शेवटी शिक्षकानेच प्रयोग केला, शिक्षकानेच उत्तर दिलं. असं का व्हावं? शाळेत काही अडचण आहे का?”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. ते नजरेने काही मागत नव्हते, नुसतं पाहत होते. गावातल्या ज्या लोकांनी शाळेला जागा दिली होती त्यांचीच पोरं त्या वर्गात होती. मी खरं बोललो असतो तर ते विद्यापीठापर्यंत गेलं असतं, गावाची बदनामी झाली असती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेचे दरवाजे आम्हाला बंद. आमच्या प्राचार्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याचा आला नाही.

“तयारी कमी पडली,” मी म्हणालो. “सरावातही त्याला हा भाग नीट जमला नव्हता. मी सांगितलं होतं, पण मुलगा थोडा हट्टी आहे.”

सरावात त्याने हा भाग घेतलाच नव्हता. आणि हट्ट माझा होता. बाहेरच्या परीक्षकांनी दोनदा ‘अरेरे’ म्हटलं आणि गुण दिले. मीही त्यांच्या जवळपासच दिले. निघताना मुख्याध्यापक मला फाटकापर्यंत पोचवायला आले. “तुमी समजदार माणूस आहा, सर,” म्हणाले. “पुढच्या वर्षी अजून दोन वर्ग देतो तुमाले.” त्यांनी ते दिलेही.

परत येताना छात्राध्यापक माझ्यासोबत चालत होता. आत काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. मला राहवलं नाही, म्हटलं, “त्या भिंतीजवळच्या पोराला का नाही बोलावलंस? त्याने चाखलं असतं तर पाठ निभावला असता.”

“त्याले त्या शाळेत अजून दोन-तीन वर्सं काढाची हायेत, सर,” तो म्हणाला.

 परीक्षक अजून गावातच होते. मागे वळून, त्यांना गाठून सगळं सांगता आलं असतं. मी चालत राहिलो.

निकाल लागला तेव्हा लेखी परीक्षेत तो आमच्या कॉलेजात पहिल्या काही जणांत होता. पाठात नापास. निकाल पाहून तो सरळ माझ्याकडे आला. बसला नाही.

“सर, तुमच्या मतानं माहा पाठ नापास कराजोगा होता का?”

“बाहेरच्या परीक्षकांचं मत शेवटचं असतं,” मी म्हणालो.

“मी तुमचं विचारलं, सर.”

मी टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करायला लागलो. म्हणालो, “पुढच्या वर्षी परत बस. नुसता पाठच द्यायचा आहे.”

पुढचं वर्ष त्याच्याजवळ नव्हतं. संस्थेने जूनमध्येच दुसरा माणूस घेतला. माझा छात्राध्यापक काही दिवस जिनिंगमध्ये कापूस मोजत होता असं कळलं. नंतर रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी घेत होता असं कुणी सांगितलं. परत पाठाला तो बसला नाही. आमच्या कॉलेजला कायमची मान्यता मिळाली. पुढे मी प्राचार्य झालो. त्या घटकाच्या नमुना पाठातून मी चाखण्याचा भाग काढून टाकला. मीठ घ्या, आटवून दाखवा, असं सांगू लागलो. कुणी कारण विचारलं तर म्हणायचो, ‘स्वच्छतेच्या दृष्टीने.’ नवे छात्राध्यापक माना डोलवत.

निवृत्तीनंतर एकदा अकोल्याहून वाशीमच्या एस.टी.त चढलो तर खिडकीजवळून हाक आली, “या सर, इकडं बसा.” तोच होता; केस पांढरे झाले होते, पण हसणं तेच. मी शेजारी बसलो. पातूरपर्यंत तोच बोलला. दोन एकर शेत घेतलं, थोरली मुलगी नर्स आहे, धाकट्याचं लग्न ठरत नाही.

“तुमचं काय चालू हाय, सर? पेन्शन खाऊन राह्यले म्हना!”

मी हसलो. घाटात गाडी हळू झाली. मी मनात पहिलं वाक्य जुळवलं, ‘त्या दिवशी मी...’ आणि विचारलं, “यंदा तूर कशी आहे?” त्याने तुरीवरच्या अळीबद्दल बरंच सांगितलं. मेडशीला गाडी भरली, एक म्हातारी चढली, त्याने उठून तिला जागा दिली आणि दांडा धरून माझ्याजवळच उभा राहिला. मला मान वर करून फक्त बोलायचं होतं. मालेगावला केनवडची गाडी पकडायला तो उतरला. “येतो सर, तब्येत सांभाळजा.” मी म्हणालो, “हो, हो.”

दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं.

त्या गाडीत मला एवढंच म्हणायचं होतं: पोरं पुढे का येणार नाहीत हे मला आधीपासून माहीत होतं, आणि तरी मी तुला तसाच पाठ घ्यायला लावला. मग परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तयारी कमी पडली असं तुझ्याबद्दल सांगितलं. तू नापास झाला नव्हतास, मी तुला नापास केलं. माझं चुकलं, मला माफ कर.