बाईंच्या निरीक्षणाचा रकाना

मी शिकलो ते हुपरीत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंमुळे. वडील घरीच पैंजण घडवायचे आणि दहावीनंतर मीही त्याच कामाला बसायचं ठरलं होतं. बाई घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "याला कॉलेजला घाला. चांदी कुठं पळून जात नाही." मी घरातला पहिला पदवीधर झालो, कोल्हापुरात नोकरीला लागलो.

बाई आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात. मधुमेह जुना आहे. परवा फोनवर सहज म्हणाल्या, "गोळी बंद केली मी."

कारण मोबाईलवरचा एक तरुण. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे उसाचा फड. गोळ्या म्हणजे कंपन्यांचं थोतांड, असं तो रोज सांगतो. त्याऐवजी सकाळी एक पावडर घ्यायची. ती मागवायची लिंक व्हिडिओखालीच असते.

मी तिथं नम्रपणे विचारलं, "आपलं वैद्यकीय शिक्षण कुठं झालं?"

एकानं लिहिलं, "मेडिकलचं दुकान हाय व्हय पावणं तुमचं?" दुसऱ्यानं लिहिलं, "लई जळतंय की ह्येला." तरुणानं उत्तर दिलंच नाही. संध्याकाळी माझा प्रश्न गायब झाला आणि त्याचं पानही मला दिसेनासं झालं. मला शिपायाच्या जागेला अर्ज करतानासुद्धा गुणपत्रिका जोडावी लागली होती. इथं कोट घातला की काम झालं.

बाईंना फोन केला. "बाई, तो डॉक्टर वाटत नाही मला."

"कशावरून?"

"शिक्षण विचारलं तर प्रश्नच पुसून टाकला."

"अरे, तो निदान माझ्याकडं बघून बोलतो. आमचे डॉक्टर मान वर करत नाहीत."

हे मात्र खरं होतं, म्हणून माझी जास्तच चिडचिड झाली.

"आणि मी आंधळेपणानं घेत नाही हं," बाई म्हणाल्या, "प्रयोग करून बघतेय. बरं वाटतंय की मला."

"रक्त तपासलंत?"

"बरं वाटतंय म्हटलं ना."

फोन ठेवल्यावर त्यांनी त्या तरुणाचाच नवा व्हिडिओ पाठवला. पुढे माझ्या प्रत्येक मेसेजला उत्तर म्हणून एकेक व्हिडिओच येऊ लागला. ज्यांनी मला "कशावरून?" हा प्रश्न शिकवला, त्यांनी तो फक्त मलाच विचारावा, त्या कोटवाल्याला विचारू नये, हे मला सहन होईना. शेवटी कागद घेतला. वर्गातही बाई तोंडी उत्तर धरायच्या नाहीत, "लिहून आण" म्हणायच्या.

"बाईंना सा. न.

मी एकदा प्रयोगवहीत निरीक्षणाच्या रकान्यात 'पाणी बरंच तापलं' असं लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईनं काट मारलीत आणि शेजारी लिहिलंत, 'बरंच म्हणजे किती? मोजून लिही.' तुमच्या प्रयोगात 'बरं वाटतंय' एवढंच निरीक्षण आहे. त्यावर काट मारायची माझी हिंमत नाही. ती तुम्हीच मारा.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं येतो. त्या दिवशी उठल्यावर मी येईपर्यंत काही खाऊ नका, चहासुद्धा नको. रक्त तपासून घेऊ आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जाऊ. त्यांनी मान वर करून तुमच्याशी बोलल्याशिवाय आपण दोघांनी खुर्चीवरून उठायचं नाही.

तुमचा विद्यार्थी"