मायच्या हाताला काम

माय जन्मभर अर्धापूरच्या केळीच्या बागांत मजुरीला गेली. कापलेले घड डोक्यावर घेऊन टेम्पोपर्यंत नेणं, हे तिचं काम. मला नांदेडला बँकेत नोकरी होती. वडील गेल्यावर मी तिला माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो आणि म्हणालो, "आता तू फक्त बसायचं." तसं म्हणताना मला फार अभिमान वाटला होता. तिनं झाडू घेतला की बायको तो काढून घ्यायची. मेथी निवडायला बसली की मी म्हणायचो, "राहू दे माय, बाई येते." तीन वर्षं ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून होती.

मग विसरणं सुरू झालं. चहात दोनदा साखर पडायची. एका दिवशी चार वेळा तिनं विचारलं, "तुझा बाप जेवला का?" आणि एका संध्याकाळी बुद्धविहारातून परतताना ती वाट चुकली. दोन गल्ल्या पलीकडे, किराणा दुकानाच्या पायरीवर सापडली. दुकानदारानं तिला पाणी दिलं होतं. मला बघून म्हणाली, "मी चुकले न्हाई रे. घरच जागचं हललं." मी हसलो. पण तिला गाडीवर मागं बसवल्यावर तिचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती ओढून घेतले.

तपासण्या झाल्या, मेंदूचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचं सांगितलं. "पूर्ण बरा होणारा आजार नाही. गोळ्या देतो, पण सगळं गोळ्यांवर सोडू नका. दिवसभर काय करतात या?"

"काहीच करू देत नाही आम्ही," मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यामुळं आजार झाला असं मी म्हणत नाही. पण इथून पुढं बसवून ठेवू नका. रोज चालवा, झेपेल ते काम करू द्या, माणसांत न्या. बीपी सांभाळा, कान तपासून घ्या." मग माझ्या पोटाकडे पाहत त्यांनी विचारलं, "तुमची शुगर किती?"

शुगर वर्षभर वाढलेलीच होती. सकाळी गोळी घेतली की मी मोकळा.

"तुम्हीही चाला त्यांच्यासोबत. वाढलेली शुगर पुढं मेंदूलाही त्रास देते."

ऑटोत मायनं विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

"तुला काम करू द्या म्हणला."

"मी कवा न्हाई म्हणलं?" ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे निघू लागलो. रस्ता रोज एकच, ती गोंधळू नये म्हणून. पहिल्या आठवड्यात मीच धापा टाकत होतो. ती पुढं जाऊन थांबायची. "बँकेत नुसता बसून राहिला तू. लई जड झालास." परत आलो की बायको तिच्यापुढं भाजीची जुडी ठेवायची. कधी निवडलेली पानं कचऱ्यात जायची आणि काड्या पातेल्यात. बायको गुपचूप अदलाबदल करायची.

कानाचं मशीन तिनं आधी दोनदा काढून उशीखाली ठेवलं. पण विहारात ते लावून बसली, तेव्हा वंदना सुरू झाली आणि तीही म्हणू लागली, एकही शब्द न गाळता. शेजारच्या बायकांनी तिला मध्ये बसवून घेतलं. तेव्हा कळलं, गेले कित्येक महिने तिला आमचं निम्मं बोलणं ऐकूच येत नव्हतं. आम्ही ते सगळं विसरण्यात धरत होतो.

याला दीड वर्ष झालं. माय बरी झालेली नाही. गॅसजवळ आम्ही तिला एकटी सोडत नाही. बायकोचं नाव तिला आठवत नाही, नुसतं "पोरी" म्हणते. पण झोप चांगली लागते, भूक लागते, संध्याकाळ झाली की घरभर येरझारा घालायची, ती घालमेल कमी झाली आहे. माझी शुगरही खाली आली. बसवून ठेवलं नसतं तर आजार उशिरा आला असता का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "हे कुणीच सांगू शकत नाही."

गेल्या आठवड्यात चालता चालता तिनं मला दादा म्हणून हाक मारली. दादा म्हणजे माझा मामा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला दुरुस्त केलं नाही.

"दादा, पाय दुखून राहिले का तुझे?"

"न्हाई."

"मग चल की बिगी बिगी," ती म्हणाली आणि माझा हात धरून रस्ता ओलांडू लागली.