देवळाखालचा झरा

हिराआत्याच्या बाळादादाचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या बाजारात होते. "आई गेली गं. शेवटी गंगाजल घातलं तोंडात," एवढंच म्हणाला. गंगाजल... दुकानातल्या सीलबंद बाटलीतलं! आत्या गेल्याच्या दुःखाआधी मला राग आला, आणि तो आज महिन्याभरानंतरही उतरलेला नाही.

आत्याचं गाव दिघ्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळाभर डोंगर पाणी पोटात घ्यायचा आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत कातळातल्या एका फटीतून सोडत राहायचा. गाव त्यावरच जगलं. सकाळी पिण्याचे हंडे, मग गुरं, उरलेलं पाणी पाटानं वालाच्या नि भाजीच्या वाफ्यांना, पाळीपाळीनं. पाळ्या आत्या लावायची. सख्ख्या दिरानं पाट फोडला तेव्हा भर पंगतीत तिनं त्याची अब्रू काढली होती. फटीतला गाळही तीच काढायची, दुसऱ्याचा हात तिथं लागलेला तिला खपत नसे. हट्टी होती, तोंडाळही होती. सुट्टीत गेले की मलाही पाटावर राखणीला बसवायची.

पुढे जमिनी गेल्या, नळ आले, वाफ्यांवर चाळी उठल्या. ज्या झऱ्यानं जगवलं त्याचं काहीतरी करावं, असं गावाला वाटलं. म्हणून काय केलं, तर झऱ्यावरच्या देवीला देऊळ बांधलं! गाभाऱ्यात चिखल नको म्हणून फटीत सिमेंट भरलं, वर गुळगुळीत लादी. कमिटीत तिचाच बाळा पुढे. आत्या पायरीवर बसून ओरडली, "अरे, देवीचा तोंड बुजवता काय? डोंगराचा पानी हाय, त्याला वाट नको?" लोकांनी हातावर प्रसाद ठेवून तिला घरी पाठवलं.

अंथरुणाला खिळल्यावर ती एकच मागायची. "बाला, एक लादी काढ. घोटभर पानी दे मना झऱ्याचा."

"उत्सव होऊ दे गं आई, मग काढतो."

उत्सव झाला. त्याच्या पुढचाही झाला...

परवा देवळात गेले. गाभाऱ्याची मागची भिंत ओलीचिंब होती. झऱ्यानं आपली वाट शोधलीच होती. फरशी घसरडी होते म्हणून धारेखाली आत्याचीच पितळी कळशी ठेवली होती. वॉटरप्रूफिंगवाला पुढच्या आठवड्यात येणार आहे, बाळादादा सांगत होता. बोलता बोलता त्यानं भरलेली कळशी उचलली आणि बाहेर गटारात ओतली.